घर पाहावं फोडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, एवढं सांगून आपले पूर्वज मोकळे झाले. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि कॅमेऱ्यांच्या गराड्यात करून पाहाव्यात, हे मात्र त्यांना सुचलं नाही. ते सुचलं ऑस्ट्रेलियातल्या चॅनल नाइन ह्या वाहिनीला. २००३ साली तिने सिडनीत बाँडाय किनाऱ्याजवळ एक जुनाट इमारत घेतली, तिच्यातल्या चार फ्लॅटमध्ये चार जोडपी सोडली आणि सांगितलं, आपापला फ्लॅट राहण्याजोगा करा. शेवटी लिलाव. राखीव किमतीच्या वर जे मिळेल ते तुमचं आणि ज्यांचा नफा सर्वांत जास्त त्यांना वर १ लाख डॉलर. कार्यक्रमाचं नाव 'द ब्लॉक'. शेवटचा भाग ३० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा २ कोटींच्या आसपास. म्हणजे तान्ही बाळं आणि जेवून लगेच झोपणारे आजोबा धरूनही दर सातांत एक ऑस्ट्रेलियन त्या रात्री परक्याच्या न्हाणीघराची फरशी बघत बसला होता.

ह्या स्पर्धेत शिरायची मुख्य पात्रता होती, काम न येणं. गाण्याच्या स्पर्धेला निदान सा लागावा लागतो. स्वयंपाकाच्या स्पर्धेत फोडणी जळू न देण्याइतकी अक्कल लागते. इथे मात्र काम येणाऱ्याचा उपयोग काय? तो भिंत सरळ बांधणार. सरळ भिंतीकडे कोण कशाला टक लावून बघेल? नवऱ्याने उभी केलेली भिंत ओळंब्यात बसत नाही आणि बायकोने ते सकाळीच सांगितलं होतं, ह्यात खरं नाट्य. जाहिरातदार ह्याच क्षणाचे पैसे मोजतात.

पहिल्या हंगामाचा सूत्रसंचालक जेमी ड्युरी हा बागा सजवणारा माणूस. त्याआधी तो 'मॅनपॉवर' नावाच्या, रंगमंचावर एकेक कपडा उतरवत नाचणाऱ्या पुरुषांच्या मंडळीत होता. निवड अचूक म्हणायची. जुनं उतरवल्याशिवाय नव्याला भाव येत नाही, हे त्याला दोन्ही धंद्यांतून ठाऊक होतं.

आपल्या मराठी माणसाला ह्या सगळ्या प्रकाराचं प्रथमदर्शनी नवलच वाटतं. घराचं काम आपण स्वतः करायचं? आपल्याकडे घराचं काम काढणं म्हणजे मिस्त्रीच्या मागे हात बांधून उभं राहणं. ह्यात आपली तीन-तीन पिढ्यांची तयारी असते. 'इथे जरा फिनिशिंग बघा हं,' असं म्हणायचं. त्याने 'होऊन जाईल साहेब' म्हणायचं. मग तो चहाला जातो तो थेट शुक्रवारी उगवतो. तोवर आपण वाळूच्या ढिगावर लक्ष ठेवायचं आणि जिन्यात पडलेल्या राडारोड्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींची बोलणी खायची. खिळा कोण मारतो हा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही. खिळा कुठे मारायचा हा उद्भवतो, आणि त्यावर घरात सहा मतं असतात.

तिकडे मिस्त्रीला बोलवायचं म्हणजे आधी बँकेचं स्टेटमेंट बघावं लागतं. तिथले सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन तासावर पैसे घेतात आणि दारात पाय ठेवण्याचे वेगळे. त्यांच्या दारात उभी असलेली गाडी बघून आपल्याकडच्या डॉक्टरांनाही व्यवसाय बदलावासा वाटेल. त्यामुळे शनिवार उजाडला की तिथला कारकून, मास्तर, बँकर असा सगळा पांढरपेशा वर्ग 'बनिंग्ज' नावाच्या हार्डवेअरच्या अवाढव्य दुकानाकडे निघतो. दुकान कसलं, एसटीचा डेपो आत मावेल. दाराशी कुठली तरी शाळा किंवा क्लब देणग्या गोळा करायला सॉसेज भाजत उभा असतो. पावाच्या एका स्लाइसमध्ये गुंडाळलेलं ते सॉसेज कांद्यासकट खायचं, मग आत जाऊन स्क्रूच्या भिंतीसमोर डोकं खाजवत उभं राहायचं, हा तिथला साप्ताहिक उपास.

मेलबर्नला भाचीकडे गेलो होतो तेव्हा आमचे जावईबापू ह्या उपासाला बसलेले होते. दिवाणखान्यात एक फळी लावायची होती. मी आपला वडीलकीच्या नात्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, तर भिंत आतून पोकळ!

'अहो, ही भिंत की पुठ्ठा?'

'मामा, हे प्लास्टरबोर्ड. आत ठरावीक अंतरावर लाकडाचे उभे स्टड असतात. ते शोधायचे आणि त्यांतच स्क्रू मारायचा. मधे मारला तर फळीसकट सगळं खाली.'

ते स्टड शोधायलाही एक यंत्र मिळतं. भिंतीवरून फिरवलं की लाकूड आलं तिथे ते पिक् करतं. जावईबापूंनी ते तासभर फिरवलं. ते कधी दर हातावर पिक् करायचं, कधी सबंध भिंतभर गप्प. संध्याकाळ झाली. फळी सोफ्याला टेकून उभी राहिली आणि आम्ही सगळे 'द ब्लॉक' बघायला बसलो. टीव्हीतल्या बिचाऱ्या गड्याने ड्रिल हातात घेतल्याबरोबर जावईबापू पुढे सरकले. 'चुकीचा बिट लावलाय. आता बघा, मामा, हा फसणार.' तो खरंच फसला. जावईबापूंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते फळी लागून कधीच मिळालं नसतं.

'ह्यांना फक्त बघता येतं,' भाची स्वयंपाकघरातून म्हणाली.

हा कार्यक्रम वीस वर्षांहून जास्त चालण्याचं कारण मला त्या सोफ्यावर कळलं. ज्याला काम येत नाही त्याला, आपल्याहून कमी येणाऱ्याला काम करताना बघायचं असतं. तिथे बसून त्याला मुकादम होता येतं, आणि तेही शनिवारची मजुरी न भरता.

तर स्पर्धेचा क्रम असा. पहिला अंक फोडाफोडीचा. हातात घण, डोळ्याला गॉगल, डोक्याला हेल्मेट. जुन्या ओट्यावर पहिला घाव पडला की आजवर आयुष्यात फक्त ई-मेल पाठवलेल्या माणसाच्या तोंडावर अफजलखानाचा कोथळा काढल्याचं तेज येतं. फोडण्याला कौशल्य लागत नाही. तेवढा एक दिवस सगळी जोडपी सुखात असतात, एकमेकांना टाळ्या देतात. संध्याकाळी कुठल्या तरी भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडते आणि मग बांधकाम सुरू होतं.

बांधकाम म्हणजे फरशी. विशेषतः न्हाणीघराची. रात्री दीडचा सुमार. नवरा गुडघ्यांवर, बायको बादलीत अॅडहेसिव्ह ढवळते आहे. दोन टाइल्समध्ये अंतर सारखं राहावं म्हणून प्लॅस्टिकचे इवलेसे अधिकाच्या आकाराचे स्पेसर घालतात. नवऱ्याने दाराकडून सुरुवात केली आहे. कोपऱ्याशी पोचेपर्यंत शेवटच्या ओळीला बोटभर रुंदीची पट्टी उरते. आता एक तर प्रत्येक टाइल कापून बोटभर पट्ट्या करायच्या, नाही तर सगळं उपटून मधूनच सुरुवात करायची. बायको काही बोलत नाही. फक्त ढवळायचं थांबवते. कॅमेरा आधी बादलीवर जातो, मग तिच्या चेहऱ्यावर, मग पुन्हा बादलीवर, आणि तिथे जाहिरात लागते. सासरच्यांसमोर अपमान झालेले लोक ह्या जगात पुष्कळ आहेत. स्पेसरसमोर एवढं खजील झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोरमन येतो. कित्येक हंगाम ही भूमिका कीथ श्लायगर नावाच्या खऱ्याखुऱ्या बिल्डरने केली. हसण्याचं काम त्याने आयुष्यभर इतरांवर सोपवलेलं असावं. तो न्हाणीघरात उकिडवा बसतो, लेव्हल ठेवतो आणि बुडबुडा कुठे पळतो ते बघतो. ढाळ नहाणी ट्रॅपकडे नसला, वॉटरप्रूफिंगमध्ये खोट दिसली, की निकाल एका शब्दाचा: काढा. रात्रभर लावलेली फरशी दुपारी छिन्नीने निघते. इथे मात्र मी, म्हणजे एक मराठी सदनिकाधारक, टीव्हीपुढे हात जोडतो. ढाळ चुकलेल्या न्हाणीघराखाली राहणं काय असतं ते आम्हाला विचारा. आमच्याकडे वरच्या मजल्याचं न्हाणीघर गळलं की आधी वरचे म्हणतात पाणी आमचं नाहीच, मग त्यांच्याहून वरचे म्हणतात आम्ही तर महिनाभर गावाला होतो, मग सोसायटीची सभा होते, आणि छतावरचा ओला डाग तेवढ्या काळात गोव्याच्या नकाशाचा महाराष्ट्राचा नकाशा होतो. कीथसारखा एक माणूस प्रत्येक वॉर्डात नेमला तर महापालिकेला मी घरपट्टी आनंदाने भरेन. आगाऊ भरेन.

वायरिंगला तर तिकडे हौशी माणसाने हातच लावायचा नाही. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय घरातली फिक्स वायरिंग करणं बेकायदेशीर आहे. नळजोडण्यांचे नियमही कडकच. म्हणजे बघा, वीज इलेक्ट्रिशियनची, पाणी प्लंबरचं, अवघड बांधकाम बिल्डरचं. मग हौशी जोडप्याच्या वाट्याला उरतं काय? रंग, ओझी, खरेदी, खर्चाचा हिशोब आणि भांडण. ह्यातलं भांडण ते पूर्णपणे स्वतःच्या हातांनी करतात, आणि दुरुस्तीच्या कार्यक्रमात सर्वांत टिकाऊ काम तेच निघतं.

रविवारी परीक्षक येतात. नील व्हिटेकर, शेना ब्लेझ आणि डॅरेन पामर हे त्रिकूट वर्षानुवर्षं हे काम करत होतं. ज्या भिंतीसाठी दोन जीव आठवडाभर जागले तिच्याकडे ते पाठ करून उभे राहतात आणि पलंगावरच्या उशांबद्दल बोलतात. उशा पाच हव्या होत्या, सात झाल्या. फुलदाणी धाडसी आहे. ह्या खोलीला 'गोष्ट' नाही. आता खोलीला गोष्ट कशाला हवी? झोपायची जागा ती. आमच्या खोलीला गोष्ट होती, ती तीन भावांच्या वाटणीची होती आणि दिवाणी कोर्टात बारा वर्षं चालली. मात्र ह्या तिघांचे दहापैकी गुण ऐकताना रडणारी जोडपी बघितली की आपल्यालाही भरून येतं. साडेआठ ऐकून कोसळणारी माणसं आपण फक्त दहावीच्या निकालाला पाहिलेली असतात.

ह्या खेळाचा शोध ऑस्ट्रेलियाने लावला असं मात्र कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९६ पासूनच 'चेंजिंग रूम्स' चालवलं होतं. त्यात दोन शेजारी दोन दिवसांसाठी घरांच्या किल्ल्या बदलायचे आणि ५०० पौंडांत एकमेकांची एकेक खोली पालटून टाकायचे. सोबतीला वाहिनीचा डिझायनर. एका भागात डिझायनर लिंडा बार्करने एका बाईंच्या जुन्या किटल्यांच्या संग्रहासाठी टांगत्या फळ्या करवल्या. संग्रह होता हजारो पौंडांचा. किटल्या मांडल्या, वर थोडी पुस्तकं ठेवली आणि मंडळी झोपायला गेली. सकाळी दार उघडलं तर फळ्या खाली आणि किटल्यांचा चुरा. इंग्रज माणसाला साम्राज्य गेल्याचं एक वेळ सोसवलं, पण किटली गेल्याचं नाही. तो प्रसंग तिथे अजून सांगतात.

अमेरिकेने ह्याच कल्पनेचं 'ट्रेडिंग स्पेसेस' केलं. खर्चाची मर्यादा १ हजार डॉलर. हिल्डी सँटो-टोमास ह्या डिझायनरबाईंनी एका घराच्या भिंतींना चक्क वाळलेला चारा चिकटवला. गोठ्यातून दिवाणखान्यात यायला माणसाला हजारो वर्षं लागली, बाईंनी ते अंतर दोन दिवसांत उलटं कापलं. दुसऱ्या एका भागात मालकीणबाईंची लाडकी फायरप्लेस लाकडाने झाकून टाकली गेली. बाई सभ्य, कॅमेऱ्यासमोर काही बोलल्या नाहीत. 'जरा येते' म्हणून आत गेल्या. पण अंगावरचा माइक काढायला विसरल्या, आणि त्यांचा हंबरडा सगळ्या अमेरिकेने ऐकला. माझ्या मते ह्या संपूर्ण प्रकारातला सर्वांत प्रामाणिक अभिप्राय तो.

प्रामाणिकपणात कॅनडा त्याच्याही पुढे. तिथल्या डिस्कव्हरी वाहिनीने २००६ मध्ये आडपडदाच ठेवला नाही. 'कॅनडाज वर्स्ट हँडीमॅन'. देशातला सर्वांत वाईट घरकारागीर कोण, हे ठरवायची स्पर्धा. स्पर्धकाचं नाव त्याने स्वतः द्यायचं नसे, ते बायको, भाऊ, मित्र अशा जवळच्या, म्हणजे पोळलेल्या, माणसांनी द्यायचं. तज्ज्ञ शिकवणार, स्पर्धक बिघडवणार आणि शेवटी जो सर्वांत वाईट ठरेल तो किताबाचा मानकरी. हा कार्यक्रम आपल्याकडे आला तर वाहिनीचं कार्यालय अर्जांनी तुंबेल. एकेका घरातून दोन-दोन अर्ज येतील, एक बायकोचा आणि एक सासऱ्यांचा.

'द ब्लॉक'मध्ये मात्र दरम्यान पैसा शिरला. मधे काही वर्षं बंद पडलेला कार्यक्रम २०१० मध्ये परत आला तो स्कॉट कॅम ह्या अस्सल सुताराला सूत्रसंचालक घेऊन. जागा मोठ्या झाल्या, फ्लॅटची घरं झाली, घरांचे बंगले झाले. नवशिक्यांच्या शेजारी हळूहळू प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार असे हातकसबी स्पर्धक दिसायला लागले. म्हणजे ज्या खेळाची मजा काम न येण्यात होती त्यात काम येणारे घुसले. गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये रणजीवाला आणून उभा करावा तसा हा प्रकार. पुढे २०२१ मध्ये तर एका जोडीच्या हाती निर्मात्यांच्या अंतर्गत वेळापत्रकाचा फोटो लागला, पुढे कोणत्या आठवड्यात काय करायचं ते सगळं आधीच कळलं, आणि ते उघडकीला आल्यावर टीव्हीवर महाभारत झालं. पेपर फुटणं हे परीक्षेला प्रतिष्ठा आल्याचं लक्षण आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि लिलाव तर निव्वळ नशीब. २०११ मध्ये मेलबर्नच्या रिचमंड भागातली चार घरं हातोड्याखाली आली. तीन विकलीच गेली नाहीत. जिंकलेल्या जोडप्याला घरातून नफा मिळाला १५ हजार डॉलर. त्याच्या उलट २०२२. मेलबर्नजवळ गिस्बर्न गावाबाहेर पाच मोठी घरं. एका जोडीला राखीव किमतीवर १५ लाखांहून जास्त डॉलर मिळाले. त्याच रस्त्यावरची दोन घरं त्या दिवशी विकल्याविना राहिली. त्यातलं एक 'नेबर्स' मालिकेतली अभिनेत्री शेरॉन जोहल आणि तिचा नवरा अंकुर, ह्या भारतीय वंशाच्या जोडप्याचं. माती सगळ्यांनी सारखीच उपसली होती. २०२४ मध्ये पेंग्विनांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिलिप बेटावर पाच घरं विक्रीला निघाली आणि एड्रियन पोर्टेली ह्या एकट्या धनिकाने पाचही उचलली. पाच जोड्यांनी महिनोन्‌महिने एकमेकांच्या वरताण व्हायला जीव टाकला, आणि सगळ्या उशा शेवटी एकाच्याच नावावर गेल्या.

सुताराचं मात्र भलं झालं, ह्याचा आनंद आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने स्कॉट कॅमला तरुणांनी हातकामाचं शिक्षण घ्यावं म्हणून 'राष्ट्रीय करिअर दूत' नेमलं आणि त्यासाठी जवळपास साडेतीन लाख डॉलरचा करार केला. आकडा बाहेर आल्यावर संसदेत ओरड झाली. माझं मत विचाराल तर दूताने काम चोख बजावलं. रंधा मारून माणूस कुठवर पोचतो हे त्याच्या मानधनाच्या आकड्याने एका दिवसात साऱ्या तरुणांना पटवलं.

पण ह्या सगळ्या कथेतला माझा आवडता भाग कुठल्याही हंगामात दाखवलेला नाही. चॅनल सेव्हनचा 'हाउस रूल्स' म्हणून असाच एक कार्यक्रम होता. त्यात जोडपी एकमेकांची घरं दुरुस्त करायची. २०१७ च्या हंगामातल्या एका स्पर्धक बाईने तक्रार केली की चित्रीकरणात तिचा छळ झाला, संकलनात तिला खाष्ट खलनायिका करून दाखवलं आणि त्यातून मनःस्वास्थ्य गेलं. वाहिनीचं म्हणणं, ह्या तर स्पर्धक, आमचा आणि यांचा मालक-नोकराचा संबंध काय? प्रकरण न्यू साउथ वेल्सच्या कामगार नुकसानभरपाई आयोगापुढे गेलं. तिथे निघालं की तिला आठवड्याला ५०० डॉलर आणि वर भत्ता मिळत होता, आणि काम कधी, कुठे, कसं करायचं ते वाहिनीच ठरवत होती. २०१९ मध्ये निर्णय आला. ही बाई वाहिनीची कामगार आहे आणि भरपाईचा दावा करायला पात्र आहे.

तेव्हा उद्या अशी स्पर्धा मराठीत आली आणि तुमच्या घरातून कुणी तुमचं नाव परस्पर पाठवलं, तर उशा किती ठेवायच्या ते नंतर बघा. आधी हजेरीपत्रक कुठे आहे ते विचारा आणि पहिल्या दिवसापासून त्यावर सही करा.